तक्रारवहीत कौतुकही लिहिता येतं

आपल्याकडे कौतुक माणसाच्या पाठीमागे करायची पद्धत आहे. 'पोरगी हुशार आहे हो तुमची' हे पोरीच्या आईला सांगायचं, पोरीला नाही, ती शेफारेल. सुनेच्या पुरणपोळीचं गुणगान शेजारी जाऊन गायचं आणि घरात ताटावर बसल्यावर 'बरी झालीय' एवढ्यावर भागवायचं. मीठ कमी पडलं तर मात्र पहिल्या घासालाच बोलायचं. आमच्या घरात तर नियमच होता, कुणी काही बोललं नाही म्हणजे स्वयंपाक फक्कड झालाय असं समजून घ्यायचं. आई जन्मभर ते समजून घेत आली.

मला हे कधीच पटलं नाही. दृष्ट लागते म्हणा, डोक्यावर बसतात म्हणा, पण कौतुक न झाल्यामुळे सुधारलेला माणूस माझ्या तरी पाहण्यात नाही.

मध्यंतरी कराडहून विट्याला एसटीने चालले होते. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गर्दी वाढली ती वाढलीच, शिवाय कंडक्टरला वयाचे पुरावे बघायचं कामही लागलं. माझ्या पुढच्या सीटवरच्या आजी आधार कार्ड शोधत होत्या. पिशवीतून पिशवी निघाली, त्यातून रुमाल, रुमालात पासबुक, पासबुकात औषधाची चिठ्ठी. कार्ड काही निघेना. मागून एकजण पाचशेची नोट नाचवत ओरडत होता. कंडक्टर म्हणाले, "आज्जी, दमानं घ्या. म्होरली तिकिटं काढून येतो, तवर गावंल." खरंच परत आले तोवर कार्ड सापडलं होतं. ते बघून देताना वर म्हणाले, "परत त्याच रुमालात ठेवा, न्हाईतर येताना पुन्हा सगळी पिशवी उपसायला लागंल."

उतरताना मी त्यांना सांगितलं, तुम्ही आजींना घाई केली नाहीत, ते फार आवडलं. त्यांनी आधी संशयानेच पाहिलं. अनोळखी माणूस गोड बोलला की आपल्याला तो विमा विकायला आल्यासारखाच वाटतो. मग हसून म्हणाले, "ताई, आमच्या सायबांना सांगा की. तिथं आमच्या नावानं तक्रारीच जात्यात."

म्हणून स्थानकावर जाऊन तक्रारवही मागितली. खिडकीतल्या साहेबांनी चष्मा वर केला. "काय झालं? गैरवर्तन?" म्हटलं, नाही, सद्वर्तन. गाडी, वेळ, कंडक्टरांचा बिल्ला नंबर आणि झाला प्रकार, चार ओळींत लिहून सही केली. पुढे त्याचं काय झालं ते ठाऊक नाही, पण तक्रार लेखी करताना आपण जेवढे काटेकोर असतो तेवढंच कौतुक करतानाही असावं, असं माझं म्हणणं आहे.

खरी मेख तपशिलात आहे. फॅमिली ग्रुपवर नातवाची चित्रकला, काकांची कविता आणि कुणाच्या तरी घरचा ढोकळा, सगळ्यालाच 'अप्रतिम!' येतं. ते कौतुक नव्हे, हजेरी आहे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता अख्ख्या देशाने थाळ्या वाजवल्या. त्याच दिवसांत घरमालक नर्स आणि डॉक्टरांना खोल्या रिकाम्या करायला सांगत असल्याच्या बातम्याही येत होत्या, आणि महिन्याभरात त्यांच्यावरच्या हल्ल्यांविरुद्ध केंद्राला अध्यादेश काढावा लागला. थाळी सगळ्यांसाठी वाजते, तिला कुणाचं नाव माहीत नसतं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टरना 'रात्रपाळी करून आलात, डबा पाठवू का?' असं विचारणारी माणसं मला थाळीवाल्यांपेक्षा मोठी वाटतात.

आणि हो, गोड बोलून पगार चुकवायचा असला कावा यात नको. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना 'तुम्ही आमच्या घरच्याच' म्हणायचं आणि खाड्याचे पैसे कापायचे, हे आपण सर्रास करतो. दुकानात दिवसभर उभ्या असलेल्या सेल्सगर्लला 'किती हसतमुख गं तू' म्हणण्याआधी तिला बसायला स्टूल आहे का ते बघावं. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून कायद्यात तरतूद केली. स्टुलासाठी कायदा करावा लागतो, यात काय ते आलं.

आमच्या सोसायटीत वॉचमनला खुर्ची आहे, पण केबिनमध्ये पंखा नाही आणि संडासासाठी त्याला चौकातल्या पेट्रोल पंपावर जावं लागतं. दिवाळीची पोस्त मात्र सगळे मोठ्या मनाने देतात. दोन्ही विषय मी येत्या सभेत मांडणार आहे. खजिनदार 'बघू' म्हणालेत. त्यांचं कौतुक पंखा फिरायला लागल्यावर, तेही तपशीलवार आणि भर सभेत करीन.