दुधाच्या खोक्यावरचा खून

ईस्टरच्या सुमाराला इथे नॉर्वेत, बर्गनमध्ये, दूध आणायला गेलं की खोक्याच्या एका बाजूला खून झालेला असतो. छोटीशी चित्रकथा, कोणीतरी मेलेलं, संशयित दोघे-तिघे, आणि गुन्हेगार आपण ओळखायचा. चहाला उकळी येईपर्यंत मी ती वाचून काढते. इथे याला ‘पोस्केक्रिम’ म्हणतात, म्हणजे ईस्टरची गुन्हेकथा. दुकानं बरेच दिवस बंद, निम्मं गाव डोंगरातल्या लाकडी घरांत, पिशवीत संत्री, चॉकलेट आणि एखादी रहस्यकादंबरी. आमच्या जिन्यातल्या निवृत्त शिक्षिकाबाई एरवी नोबेलविजेते युन फॉस्से वाचतात. त्या आठवड्यात मात्र भेटल्या की पहिला प्रश्न, ‘तुझ्या पुस्तकात किती मेले?’ खऱ्या आयुष्यात या देशात वर्षाला जेमतेम तीस-चाळीस खून होतात. बाकीचे सगळे छापील.

हे मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कौतुकानं टाकलं आणि दादा खवळला. दादा माझा चुलतभाऊ, कोल्हापुरात आयुष्यभर मराठी शिकवून निवृत्त झालेला. त्याचं म्हणणं जुनंच: रहस्यकथा म्हणजे एसटीत बसल्यावर उघडायची आणि उतरताना सीटवर विसरायची वस्तू. साहित्याच्या पंगतीत तिला पाट नाही. त्यावर पुण्याचा भाचा तुटून पडला. ‘मामा, तुमच्या या सोवळ्यापायीच मराठीत धड रहस्यकादंबरी उरली नाही. नॉर्वे बघा जरा!’ दिवाळी अंक आले की हे भांडण आमच्याकडे हमखास होतं. या खेपेला ईस्टरलाच झालं, आणि दोघांनी मला साक्षीला उभं केलं.

साक्षच द्यायची तर आधी भाच्याला निराश करते. सोवळं इथेही आहे. सरकारी कला परिषद १९६५ पासून नव्या साहित्याच्या प्रती विकत घेऊन देशभरच्या ग्रंथालयांना वाटते. त्यामुळे आडगावच्या वाचनालयातही नवी कादंबरी पोचते. पण आधी एक समिती पुस्तक वाचते आणि नापासही करते. नापास झालेलं पुस्तक ‘शून्य झालं’ म्हणतात. गुन्हेकथा लिहिणाऱ्यांची यावर नाराजी असते, आणि तिचा सूर आपल्या भाच्यासारखाच असतो. फरक एवढाच की गुन्हेकथेला त्या दारात निदान उभं राहू देतात.

आता दादाकडे वळते. या पोस्केक्रिमची सुरुवात ज्या पुस्तकानं झाली असं मानतात, ते १९२३ सालचं. बर्गनची आगगाडी लुटल्याची कादंबरी. प्रकाशकानं ईस्टरच्या तोंडावर ‘आफ्टनपोस्टन’ या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, अगदी वर, नुसतं नाव छापलं: ‘बर्गनची गाडी काल रात्री लुटली’. लोकांना ती बातमी वाटली, आणि गाडीत माणसं असलेल्यांची तारांबळ उडाली. पुस्तकावरच्या टोपणनावामागे पैशाची निकड असलेले दोन तरुण होते. त्यातला एक नॉर्डाल ग्रीग. पुढे तो इथला लाडका कवी झाला आणि १९४३ मध्ये बर्लिनवरच्या बॉम्बहल्ल्याच्या विमानात मेला. म्हणजे दादा, तुझ्या पंगतीतलाच माणूस हा, पोटासाठी दरोडा लिहिणारा.

आपल्याकडे पोटासाठी लिहिणारे काय कमी होते? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. पन्नास वर्षं धरली तरी महिन्याला जवळजवळ दोन. माझ्या आजोबांनी ती सायकलवरून येणाऱ्या लायब्ररीवाल्याकडून घेऊन वाचली, आणि जेमतेम अक्षरओळख असलेल्या आजीलाही वाचनाची गोडी त्यांनीच लावली. पण महिन्याला दोन लिहिणाऱ्या माणसाकडून तुम्ही चौथा खर्डा कुठून मागणार? दादा म्हणतो दर्जा नव्हता, भाचा म्हणतो मान नव्हता. मला वाटतं, सवड नव्हती. ती विकत घेऊन देणारं कोणी नव्हतं, आणि आज तर तो सायकलवालाही नाही.

आणखी एक गोष्ट मला इथे राहून कळली, ती दोघांनाही पटणार नाही. इथल्या कादंबऱ्यांत शोध लावणारा बहुधा सरकारी नोकर असतो. थकलेला, घटस्फोटित, पण पगारी. वाचकाचा त्याच्यावर विश्वास असतो, म्हणून लेखकाला तो विश्वास सावकाश डळमळीत करता येतो. आपला झुंजार, अर्नाळकरांचा नायक, मुळात कायद्याच्या बाहेरचा. तक्रार लिहून घेतील की नाही इथूनच जिथे रहस्य सुरू होतं, तिथे इन्स्पेक्टरला नायक करायचा म्हणजे लेखकाला आधी वाचकाची समजूत काढावी लागते.

हा डळमळीतपणा कसा असतो ते मी एकाच पुस्तकात नीट पाहिलं. कारिन फॉस्सुमचं, २००० सालचं. बाईंनी सुरुवात कवितेनं केली, १९७४ मध्ये पहिल्याच संग्रहाला पदार्पणाचं पारितोषिक मिळालं, आणि पुढे इन्स्पेक्टर सेयेर आला. या कादंबरीचं मूळ नाव मराठीत सांगायचं तर ‘लाडकी पूना’. शेतीची अवजारं विकणारा एक मध्यमवयीन, अबोल नॉर्वेजियन मुंबईला जातो, हॉटेलात काम करणाऱ्या बाईशी लग्न करून येतो. तिचं नाव पूना बाई. (मी पुण्याची, मी पहिली दहा पानं हसण्यातच घालवली. कुठल्या आईबापांनी मुलीचं नाव पूना ठेवलंय?) ती मागाहून एकटी येते. त्याच दिवशी त्याच्या बहिणीला अपघात होतो, तो विमानतळावर जाऊ शकत नाही. गावाजवळच्या माळावर ती सापडते.

माझं हसू तिथे थांबलं. विमानतळावर न्यायला कोणी आलेलं नाही, भाषा येत नाही, हातात पत्ता. मीही अशीच उतरले होते, फक्त मला घ्यायला नवरा वीस मिनिटं उशिरा का होईना, आला. पुस्तकात खून थोडक्यात उरकतो. उरलेली सगळी जागा गावाला. कोणी काय पाहिलं, पाहून गप्प का राहिलं. एक पोरगा चौकशीत कबुली देतो, आणि ती कबुली खरी की सेयेरनं गोड बोलून काढलेली, हे फॉस्सुमबाई शेवटपर्यंत वाचकाच्या हातात ठेवत नाहीत. मला विचाराल तर रहस्य आणि साहित्य यांतली रेघ इथे कुठेतरी आहे, कपाटावरच्या चिठ्ठीत नाही. अर्थात असं पुस्तक दहात एखादं. उरलेली नऊ मीही विमानात विसरून येते.

मग मी त्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद दादाला पाठवला. आठ दिवस ग्रुपवर चिडीचूप. नवव्या दिवशी संध्याकाळी साडेसातला फोन, म्हणजे कोल्हापुरात रात्रीचे अकरा. वहिनी मागून ‘झोपा आता’ म्हणत होत्या.

‘वाचलं,’ दादा म्हणाला. ‘भाषा बरी आहे. पण हे काय? शेवटची चार पानं फाटलीत का माझ्या प्रतीची?’

‘नाही रे, तेवढंच आहे.’

‘तेवढंच कसं? मग खून केला कोणी ते सांग आधी!’