कॉन्स्टान... पुढचं झिजलंय

यॉर्कमधल्या एका नाणी-मेळ्यात बिस्किटांच्या डब्यात मातीने लडबडलेली रोमन नाणी दिसली. वीस नग, तीस पौंड. याच यॉर्कमध्ये 306 साली सैनिकांनी कॉन्स्टंटाईनला सम्राट घोषित केलं होतं. कॅथेड्रलबाहेर त्याचा पुतळाही आहे, सिंहासनावर ऐसपैस रेलून बसलेला. मला तो शुभशकुन वाटला.

डिस्टिल्ड पाण्यात नाणी भिजत घालायची, पाणी रोज बदलायचं आणि टूथपिकने माती काढायची, एवढंच काम. पहिली वाटी गेली तेव्हा बायको काही बोलली नाही. चौथी गेल्यावर म्हणाली, "अहो, आता आमटी काय ओंजळीत वाढू?"

तीन आठवड्यांनी पहिल्या नाण्यावर अक्षरं उगवली. कॉ, न्स, टा, न. मी आनंदाने ओरडलोच! मग पुस्तक उघडलं आणि बसलो.

त्याचं काय आहे, कॉन्स्टंटाईन म्हणजे लॅटिनमध्ये कॉन्स्टान्टिनुस. त्याच्या मुलांची नावं कॉन्स्टान्टिनुस, कॉन्स्टान्टियुस आणि कॉन्स्टान्स. यातल्या पहिल्या दोन नावांत फरक फक्त एका 'एन' अक्षराचा, आणि ते अक्षर हमखास झिजलेलं. बहीण कॉन्स्टान्टिया, मुलगी कॉन्स्टान्टिना. माणसांची नावं संपली म्हणून नवी राजधानी बांधली, ती कॉन्स्टान्टिनोपोलिस. तिच्याही नावाने नाणी निघाली. थोरल्या मुलाचं नाव तेवढं क्रिस्पस, वेगळं आणि वाचायला सोपं. त्याला बापानेच 326 मध्ये मारवलं.

नाव नाही तर नाही, मागची बाजू पाहू म्हटलं. दोन शिपाई, मधे सैन्याचं निशाण. निशाणं दोन असतील तर नाणं साधारण 330 ते 335 मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं. माझ्या नाण्यावर दोन होती. तसं वहीत शाईने लिहिलंसुद्धा. रविवारी टूथपिक जरा जोरात लागली आणि दुसरं निशाण गळून पडलं. माती होती.

राहिली टांकसाळ. तिची खूण शिपायांच्या पायाखाली. कॉन्स्टान्टिनोपोलिसची खूण 'कॉन्स', पुढे कारखान्याचं ग्रीक अक्षर. सोपं आहे असं वाटतं ना? पण फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल म्हणून गाव आहे, त्याचंही नाव मधल्या काळात बदलून कॉन्स्टान्टिना ठेवलेलं. तिथली खूण 'कॉन्स्ट', कारखान्याचं अक्षर तिच्या आधी. माझ्या नाण्यावरचा ठसा तिरका पडलाय. आधीचं अक्षर नाही, नंतरचं नाही, मधलं 'ऑन्स' तेवढं शाबूत. म्हणजे नाणं एकतर बॉस्फरसच्या काठचं, नाहीतर रोन नदीच्या.

रोमन लोकांना या बाबतीत शिव्या घालायचा मला तसा अधिकार नाही. कॉन्स्टंटाईनच्या बापाचंही नाव कॉन्स्टान्टियुस, म्हणजे त्यांनी आजोबांचं नाव नातवाला ठेवलं. आमच्याकडे पणजोबा रामचंद्र, आजोबा दत्तात्रय, वडील रामचंद्र, मी दत्तात्रय. वडिलांच्या नावासकट मी आणि आजोबा तंतोतंत एक. सासवडजवळच्या दीड एकराच्या सातबाऱ्यावर 'दत्तात्रय रामचंद्र' असं आहे, आणि तो मी की आजोबा, हे कितीतरी वर्षं कुणी ठरवू शकलेलं नाही.

त्याच रात्री आईचा फोन आला.

"सोन्याचं निघालं का रे?"

"नाही गं, तांब्याचं. तेही कोणाचं ते कळत नाहीये."

"मग ते ठेव बाजूला. वारसनोंद करायची, तर तलाठी पुन्हा विचारतोय, दत्तात्रय कोणता?"

"नावाच्या पुढेमागे काही लिहिलंय का?" मी सवयीने विचारलं. थोरल्या कॉन्स्टंटाईनच्या नाण्यांवर नावापुढे 'मॅक्स', म्हणजे महान, असतं. पोरं युवराज असेपर्यंत त्यांना नुसतं 'नोब सी'.

"काय लिहिणार? आजोबा गेले तेव्हा मयत लिहायचं राहिलं, तिथेच तर सगळं अडलंय."

337 मध्ये कॉन्स्टंटाईन गेला, तेव्हा पोरांनी त्याची वेगळी नाणी काढली. डोक्यावर पदर घेतलेला, नावाआधी 'दिव्य' लिहिलेलं. सतराशे वर्षं होत आली, पण हा माणूस त्या वेळी हयात नव्हता, याबद्दल कोणाला शंका नाही. आईला मी हे सगळं समजावून सांगितलं.

"बरं," आई म्हणाली, "मग तलाठ्याला काय सांगू?"