शिसं म्हणजे काय जंतू आहे का, उकळल्यावर मरायला?

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, यावेळी मावशीकडून. पिशवीच्या दुधात शिसं नि कॅडमियम असतं, म्हणून गोठ्यावरून सुटं दूध आणा, पितळी पातेल्यात तीन उकळ्या काढा, सगळं विष निघून जातं.

उकळून पाण्याची वाफ होते, धातू तिथेच राहतो, म्हणजे दूध आटवलंत तर प्रमाण उलट वाढणार.

आता गोठ्याचं. पिशवीत कितीतरी गावांचं दूध एकत्र होतं, त्यामुळे एखाद्या गोठ्याचं खराब असलं तरी पातळ होऊन जातं, पण सुट्या दुधात रोज तोच एक गोठा, आणि त्याच्या शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत असतील नाहीतर गवत नाल्याच्या पाण्यावर वाढलेलं असेल तर काय करणार? तसं गाईच्या पोटात गेलेल्या शिशातलं फारच थोडं दुधात उतरतं, बरंचसं शेणावाटे जातं, काही हाडांत बसतं. पिशवीवाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही हां, एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2018 च्या सर्व्हेत दुधाच्या 6,432 पैकी 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम1 नावाचं विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं आणि ते पिशवीच्या दुधात सुट्यापेक्षा जास्त होतं. पण ते येतं बुरशी लागलेल्या चाऱ्यातून, त्याचा धातूशी संबंध नाही. (तेही उकळून जात नाही, विचाराल म्हणून सांगितलं.)

आणि पितळी पातेलं! इथे मात्र मला खरंच राग आला. लहान बाळांचं लिव्हर निकामी करणारा एक आजार आपल्याकडे होता, इंडियन चाइल्डहूड सिरोसिस, बरीच मुलं त्यात दगावली. पुण्यातल्या डॉक्टरांचा अभ्यास 1983 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला, त्यात दिसलं की या बाळांना फार लवकर वरचं दूध सुरू केलेलं होतं आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं असायचं. पितळेतही तांबं असतंच, आणि दुधातलं केसीन हे प्रोटीन ते तांबं धरून ठेवतं, ते बाळाच्या लिव्हरमध्ये साठत जातं. पुढे घरोघरी स्टील आलं, भांडी बदला म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणजे दूध गाईच्या सडातून नीट बाहेर आलं होतं, धातू त्यात स्वयंपाकघरात मिसळला.

मावशीला एवढंच लिहिलं की दूध स्टीलमध्ये तापव, पितळीला कल्हई नसेल तर दूध तर सोडच, ताकसुद्धा त्यात ठेवू नकोस. तिने अंगठा पाठवलाय, मेसेज काही डिलीट केला नाही.