त्रेसष्ट पावलं

नौपाड्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. दहीहंडीचे बॅनर, दहावीच्या निकालानंतर क्लासवाल्यांचे टक्क्यांचे बॅनर, साहेबांचे वाढदिवस, सगळं छापून झालंय. पण यंदा जूनमधलं एक काम डोक्यातून जात नाहीये.

एका मंडळाने शाळांजवळ लावायला तंबाखूविरोधी बॅनर सांगितला, दहा बाय चारचा. मजकूर मीच लिहिला. कवटी, धूर, खाली ठसठशीत अक्षरांत ‘भावा, नशा सोड, लाइफ जगून बघ!’ ‘भावा’ मुद्दाम घातलं, पोरांना आपलं वाटावं म्हणून. दोन दिवसांनी तिथूनच चाललो होतो. नववी-दहावीची चार पोरं बॅनरखाली उभी राहून कवटीसारखी तोंडं करून फोटो काढत होती. एक जण दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “भावा, लाइफ जगून बघ!” आणि सगळी खिदळली.

मला ते फार लागलं. घरी येऊन भाचीला विचारलं, ती अकरावीत आहे. म्हणाली, “मामा, तंबाखूने कॅन्सर होतो हे आम्हाला तिसरीपासून माहितीये. पिक्चर सुरू व्हायच्या आधीही तेच दाखवतात. तू त्यात नवीन काय सांगितलंस? आणि आमच्यासारखं बोलू नकोस ना, लगेच कळतं.”

मग मी शोधून वाचायला लागलो. १९९८ साली अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने मुलांनाच सोबत घेऊन ‘ट्रूथ’ नावाची मोहीम काढली. पैसा तंबाखू कंपन्यांशी झालेल्या कोर्टातल्या तडजोडीतून आला होता. सिगारेटचे दुष्परिणाम पोरांना पाठच होते, म्हणून मोहिमेने वेगळंच दाखवलं : या कंपन्या तुम्हाला गिऱ्हाईक म्हणून कशा हेरतात. २००० साली ती देशभर गेली. एका जाहिरातीत तरुण मुलांनी न्यूयॉर्कमध्ये एका तंबाखू कंपनीच्या मुख्यालयाबाहेर प्रेतं ठेवायच्या १,२०० पिशव्या रचल्या. तंबाखूमुळे अमेरिकेत रोज तेवढी माणसं जात होती.

त्याच काळात फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनीही पोरांसाठी ‘विचार करा, सिगारेट ओढू नका’ अशा जाहिराती करत होती. २००२ साली दोन्ही मोहिमांवरचा अभ्यास छापून आला. ‘ट्रूथ’ पाहिलेल्या मुलांचं मत तंबाखूच्या विरोधात गेलेलं दिसलं. कंपनीच्या जाहिराती पाहिलेल्यांचं मात्र तंबाखू कंपन्यांबद्दलच मत जरा बरं झालं होतं! मी हे दोनदा वाचलं. पोरांनी ओढू नये, हे दोघंही म्हणतच होते, पण रीत वेगळी. एकाने पोरांना शहाणं धरलं आणि कोण फसवतंय ते समोर ठेवलं, दुसऱ्याने नुसता उपदेश केला. पंधरा वर्षांच्या पोराला ‘हे करू नको’ म्हटलं की तो आधी सांगणाऱ्याकडे बघतो. पण ‘तुला कुणीतरी मूर्ख समजतंय’ हे कळलं की त्याला राग येतो, आणि तो राग खरा असतो.

आपल्याकडे राग येण्यासारखं काय कमी आहे? महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी क्रिकेटची मॅच लावली की गुटख्याचीच ओळखीची नावं वेलची आणि माउथ फ्रेशनर होऊन समोर येतात, हातात पाकीट घेऊन बडे नट हसत असतात. हे पोरांना समजत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा पोरांशी बोलावं.

भाचीला मी एवढंच म्हटलं, तुम्ही करा, छापून मी देतो. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखू विकता येत नाही. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी दुकानातला माझा मोजायचा टेप नेला आणि शाळेच्या गेटपासून जवळच्या टपरीपर्यंतचं अंतर मोजलं. ४४ मीटर. टेप कुणाकडे असेल-नसेल, म्हणून पावलंही मोजली. त्यांच्या बॅनरवर ना कवटी, ना धूर. पांढऱ्यावर काळी अक्षरं :

‘या गेटपासून टपरी : ६३ पावलं. कायदा : १०० यार्ड. मोजून बघ.’

शाळा सुटायच्या वेळी मी पलीकडे उभा राहिलो. पोरं थांबत होती, वाचत होती. मग दोघं खरंच निघाली, मोठ्याने आकडे म्हणत, दप्तरं सांभाळत. तिसरा मागून ओरडत होता, “लांब टाकू नका रे पावलं, नीट मोजा!”

कालपासून टेप पुन्हा भाचीकडे आहे. मागच्या गेटचा आकडा आला की तोही छापतो.