मेकाँगचं पाणी वाया जात नाही

आग्नेय आशियातल्या मेकाँग नदीबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतोय. समुद्रापासून थेट चीनपर्यंत जहाजं जाणारी ही नदी. तिचा पूर म्हणजे दरवर्षीचं संकट. समुद्राला मिळणारं पाणी वाया जातं, म्हणून धरणं बांधून ते अडवावं. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

जहाजांचं आधी बघू. लाओस-कंबोडिया सीमेजवळ खोनचे धबधबे आहेत. १८६६ साली निघालेल्या फ्रेंच मोहिमेलाच कळून चुकलं की या वाटेने बोटी चीनला पोचणार नाहीत. पुढे फ्रेंचांनी तिथल्या बेटांवर छोटी रेल्वे टाकून बोटी पलीकडे नेल्या. आजही समुद्रातली जहाजं कंबोडियाच्या राजधानीपर्यंत, नोम पेन्हपर्यंतच येतात.

पुराने माणसं मरतात, हे खरं. २००० सालचा पूर भीषणच होता. पण कंबोडियाचं जेवण याच पुरावर उभं आहे. पावसाळ्यात मेकाँग फुगली की तिचं पाणी टोनले साप नदीत शिरतं, ती नदी चक्क उलटी वाहू लागते आणि तिच्या वरच्या टोकाचं टोनले साप तळं उन्हाळ्याच्या चार-पाच पट पसरतं. काठचं जंगल बुडतं, त्यात माशांची पिल्लं पोसली जातात. पाणी परत फिरलं की मासे नदीत उतरतात, आणि वर्षभर पुरणारा प्रहोक, म्हणजे खारवून आंबवलेले मासे, घरोघरी भरला जातो. धरणं पावसाळ्यात पाणी धरून उन्हाळ्यात सोडतात, याचं कौतुक होतं. पण त्याने पुराची उंची घटते आणि तळ्याकाठची जी झाडं उन्हाळ्यात कोरडी व्हायला हवीत, ती पाण्यातच राहतात.

आणि ‘वाया’ पाणी? ते गाळ घेऊन येतं. व्हिएतनामचा निम्म्याच्या आसपास तांदूळ पिकवणारा त्रिभुज प्रदेश त्याच गाळाने घडला. धरणांमागे गाळ अडकतो, उरलेली वाळू बांधकामासाठी उपसली जाते, पात्र खोल होतं आणि समुद्राचं खारं पाणी आत शिरतं. २०१६ आणि २०२० मध्ये दुष्काळाची भर पडली, तेव्हा तिथल्या बेन त्रे प्रांतात पिण्याच्या पाण्याचीही टंचाई झाली.

वीज लागते, हे मान्य. पण लाओसच्या सायाबुरी धरणाची बहुतेक वीज थायलंड घेतो. मासा आणि गाळ गमावणारे खालचे लोक त्या सौद्यात नव्हते. १९९५ पासूनच्या मेकाँग नदी आयोगात चार देश आहेत. वरच्या अंगाला मोठमोठी धरणं बांधणारा चीन त्याचा सदस्य नाही, आणि सदस्य देशांनाही धरण थांबवण्याचा नकाराधिकार नाही.