चष्म्याचा नंबर वाढलेला नसतो

मेंदूला इजा होऊन गेलेली अर्धी नजर सराव आणि सौम्य विद्युत उत्तेजनाने थोडी परत येऊ शकते, असं एका लेखात वाचलं. आमच्या सासऱ्यांना स्ट्रोकनंतर दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं दिसेना. नौपाड्यात जो भेटेल तो म्हणे मोतीबिंदू! डोळे ठणठणीत होते. उजव्या मेंदूचा मागचा भाग दुखावला होता. हे फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा कुठला भाग दिसत नाही ते बघणाऱ्या तपासणीत कळतं.

सरावात न दिसणाऱ्या भागात ठिपके सरकवतात आणि दिशा ओळखायला लावतात. मेंदूतल्या हालचाल टिपणाऱ्या केंद्राकडे काही वाटा मुख्य दृष्टिकेंद्राला वळसा घालून जातात, त्या जाग्या करायच्या. उत्तेजनाने या दोन केंद्रांची लय जुळवायची. पण हे प्रयोग अजून मोजक्या रुग्णांवरच झालेत, तेव्हा कोणी घरच्या घरी वापरायचं मशीन विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा.

तोवर मान आणि नजर मुद्दाम न दिसणाऱ्या बाजूकडे वळवायची सवय लावा. सासऱ्यांची पेपर वाचताना ओळीची सुरुवात हरवते, म्हणून डाव्या कडेला लाल पट्टी ठेवतो. गोखले रोडवर मात्र त्यांच्या डाव्या हाताला कुणीतरी सोबत लागतंच. रिक्षावाले काय, थांबणार थोडेच!