मिठातलं ‘सायनाइड’ : आगरवाड्याच्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

पाकिटातल्या मिठात घालतात ते पोटॅशियम फेरोसायनाइड, म्हणजे पाकिटावर ‘५३६’ असा नुसता आकडा छापलेला असतो ते, घाबरण्यासारखं नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. सायनाइड ते सायनाइडच, थोडं काय नि जास्त काय. पोटातल्या आम्लाने ते सुटं होतं, हे मी दडवलं. परदेशात बंदी असलेला पदार्थ आपल्या माथी मारतात. आणि तीन पिढ्या आगर, म्हणजे मिठागर, राखणाऱ्या तुमच्या घराच्या पोटावर माझ्यासारखे लोक कंपन्यांची वकिली करून पाय देतात.

हे शेवटचं वाचून दोन दिवस माझा हात चालला नाही. कंपन्यांचा एक पैसा मी घेतलेला नाही, एवढं सांगून तो विषय बाजूला ठेवतो. बाकीच्या मुद्द्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

आधी आम्लाचा मुद्दा. तो अगदी रास्त आहे. लेखात तो घ्यायला हवा होता, राहिला, ही माझी चूक. फेरोसायनाइडमध्ये मधोमध लोखंड असतं आणि सायनाइडचे सहा गट त्याला सहा बाजूंनी घट्ट चिकटलेले असतात. तीव्र आम्लात घालून तापवलं तर ही पकड सुटते आणि विषारी वायू निघतो, हे खरं. पण पोटातलं आम्ल त्या मानाने विरळ आणि अंगाच्या उबेइतकंच गरम. तिथे हे संयुग जवळजवळ जसंच्या तसं पुढे सरकतं आणि शरीराबाहेर पडतं. फोडणीचंही तेच. ते मोडायला ४०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. कढईतलं तेल त्याच्या निम्म्यावरच धुरावतं.

तरी घटकाभर तुमचंच खरं धरू. समजा पोटात गेलेलं सगळंच्या सगळं सायनाइड सुटं झालं. आपल्या कायद्याने किलोभर मिठात हे जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम चालतं. माणूस दिवसाला १० ग्रॅम मीठ खातो असं धरलं (जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते), तर पोटात गेलं ०.१ मिलिग्रॅम. त्यात सायनाइडचा वाटा वजनाने साधारण निम्मा, म्हणजे ०.०५. अन्नातून रोज जन्मभर पोटात गेलं तरी चालेल अशी सायनाइडची जी मर्यादा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने घातली आहे, ती अंगाच्या वजनाच्या दर किलोला ०.०२ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला १.२ मिलिग्रॅम. आपण धरलेली सगळ्यात वाईट गोष्ट घडली, तरी आपण त्याच्या चोवीसपट खाली आहोत.

‘थोडं काय नि जास्त काय’ असं तुम्ही म्हणता, पण तुमच्या-माझ्या घरात ते कधीच कोणी मानलेलं नाही. पावसाळ्यात आपण किल्ल खातो. त्या बांबूच्या कोवळ्या कोंबात निसर्गतःच सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. म्हणून तर माझी आई ते बारीक चिरून पाण्यात घालायची, पाणी फेकायची, पुन्हा उकडायची आणि मगच भाजीला घ्यायची. तिला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, प्रमाण मात्र बरोबर कळत होतं. एकादशीचा साबूदाणा ज्या कंदापासून होतो त्यातही हेच असतं आणि तो करताना ते बहुतेक निघून जातं. त्या कंदाच्या पिठात किलोमागे १० मिलिग्रॅम सायनाइड आंतरराष्ट्रीय मानकाला चालतं. पीठ आपण चिमटीने खात नाही, मीठ चिमटीने खातो. आणखी एक. प्रशियन ब्लू नावाचा निळा रंग म्हणजे लोखंड आणि सायनाइडचंच संयुग. थॅलियमची विषबाधा झालेल्या माणसाला तो औषध म्हणून तोंडावाटे देतात, दिवसाला ९ ग्रॅमपर्यंत. लोखंडाची पकड इतकी पक्की असते.

परदेशातल्या बंदीचं खरं नाही. युरोपात किलोला २० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी आहे, अमेरिकेतही याच जातीच्या सोडियम फेरोसायनाइडला १३ पर्यंत आहे. आपल्या मिठात सायनाइड असल्याचा जो निरोप तुम्ही पाठवलात, तो २०१९ मध्ये पसरला होता, तेव्हापासून तो फिरतोच आहे. त्यात ज्या अमेरिकी प्रयोगशाळेच्या तपासणीचा हवाला दिला आहे, तिच्यातला सगळ्यात मोठा आकडा किलोला ४.७१ मिलिग्रॅम होता, म्हणजे आपल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. आकडा खरा असूनही त्यावरून भीती पसरवली गेली, याचा मला फार राग येतो.

मी सगळ्यालाच ‘चालतं’ म्हणणारा नाही, ताई. पावात घालायचं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ मध्ये आपल्याकडे बंद झालं ते योग्यच झालं. ते कर्करोगाला कारण ठरू शकतं असे पुरावे होते, आणि आपल्या पोदेरांच्या (पाववाल्यांच्या) भट्टीत त्याची कधीच गरज नव्हती. गोळ्या-मिठायांना पांढरा रंग देणारं टायटॅनियम डायऑक्साइड युरोपने २०२२ मध्ये अन्नातून काढलं. ते लिहिलेलं पाकीट मीही दुकानात परत ठेवतो. प्रत्येक पदार्थाचा हिशेब वेगळा करावा लागतो.

मग मिठात हे घालतातच कशाला? माझ्या स्वयंपाकघरात खिडकीखाली दोन बरण्या आहेत. चिनीमातीच्या बरणीत आगराचं मीठ, करडे टोकदार खडे. जुलैत तिच्या तळाशी बोटभर पाणी साचतं आणि आत ठेवलेली करवंटी निथळत असते. दुसरीत पाकिटातलं मीठ, भर पावसातही वाळूसारखं सुटं. हवेत ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मिठाचे दाणे बाहेरून विरघळू लागतात, हवा कोरडी झाली की शेजारच्या दाण्याला चिकटून घट्ट होतात आणि ढेकूळ बनतं. फेरोसायनाइड दाण्याच्या पृष्ठभागावर बसतं आणि दाण्यादाण्यांमधला तो पूल होऊ देत नाही. आगराच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही राहतं. ते त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतं, म्हणून ते आधी पाझरतं. हा काही त्याचा दोष नव्हे. खाडीच्या पाण्यातून उन्हाने काढलेलं मीठ असंच असतं.

तुमचा एक मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. ‘अँटीकेकिंग एजंट ५३६’ एवढंच बारीक अक्षरात छापणं म्हणजे लोकांपासून लपवल्यासारखंच आहे. पूर्ण नाव आणि प्रमाण, दोन्ही पाकिटावर हवं. ज्याला हे नकोच आहे त्याच्यासाठी आयोडीनयुक्त खडे मीठ मिळतं. त्यातल्या काही पाकिटांवर हा आकडा नसतो, वाचून घ्या.

आता तुमच्या पुतण्याचं. यंदाच्या पिशव्यांवर तो ‘सायनाइड-मुक्त’ असं छापणार आहे असं तुम्ही लिहिलंत. कृपा करून त्याला थांबवा. आगरांचं नुकसान या आकड्याने केलेलं नाही. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला मे २००६ पासून बंदी आली, तेव्हा आपलं मीठ माडांच्या मुळाशी आणि मासळीच्या खारवणीत गेलं. आगरवाल्यांना आयोडीन मिसळायला कोणी शिकवलं नाही, हे दुःख खरं आहे आणि ते मोठ्याने सांगायला हवं. किलोला ३० मिलिग्रॅम आयोडीन मिसळायचं तर एक टन मिठाला पोटॅशियम आयोडेट लागतं ५० ग्रॅमच्या आसपास. पाण्यात विरघळवून सारखं फवारायचं असतं. मेहनत आहे ती सारखेपणा राखण्यात आणि तपासणीत. पुतण्याला यात पडायचं असेल तर हिशेब मांडायला मी आगरावर येऊन बसेन.

राहिली तुमची सून. पाचवा महिना आहे, आणि विषाच्या भीतीने तिच्यासाठी तुम्ही सगळा स्वयंपाक आगराच्या मिठात सुरू केलात. ताई, या उत्तराची घाई मला त्या ओळीमुळे झाली. समुद्राच्या मिठात आयोडीन नावापुरतंच असतं. गरोदरपणी दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. मासळीतून थोडं मिळालं असतं, पण तिला सध्या मासळीचा वासही सोसत नाही असं तुम्हीच लिहिलंय. पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) मिस्कूट म्हणजे कैरीचं लोणचं, चेपणीची तोरं म्हणजे खारातल्या कैऱ्या, खारे बांगडे यांना आगराचंच मीठ घाला, माझ्याही घरी तेच असतं. तिच्या आमटी-भाताला मात्र आज संध्याकाळपासून आयोडीनचं मीठ घ्या. मीठ जास्त नको, फक्त ते बदला. आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना ही गोष्ट सांगा.